चुना छपराला की भाडेकरूला?

घरखर्चात बचत आणि पर्यावरणाचे रक्षण ही दोन्ही पुण्ये एकाच खरेदीत पदरात पडतात, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. पाच स्टारचा एसी घ्या, कमी विजेचे पंखे लावा, गच्चीवर सौर पॅनेल बसवा, की वीजबिल उतरले आणि पृथ्वीही वाचली! हा उपदेश खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातील क्रम उलटा आहे, आणि बचतीची ज्याला सर्वांत अधिक गरज त्याचे नाव त्यात कोठेच नाही. आमचा आक्षेप या दोन गोष्टींस आहे.

प्रथम क्रमाविषयी. आपल्या जुन्या घरांवर गोव्यात व बेळगावात कौले होती, माळव्यात कवेलू होते. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. छप्पर तापे, पण उष्णता साठवून ठेवीत नसे. त्यांच्या जागी काँक्रीटची स्लॅब आली. ती गळत नाही, तिच्यावर मजला चढवता येतो, हे तिचे गुण आम्हांस मान्य आहेत. परंतु उघडी स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खालच्या खोलीत ओकते. माणूस निजावयास जातो तेव्हा छत तापलेलेच असते, आणि पंखा त्या छताखालची गरम हवाच खाली लोटत राहतो. अशा छपराखाली एसी लावणे म्हणजे चूल न विझवता तिच्यावरचे दूध निववू पाहणे होय.

याचा हिशेब घालून पाहावा. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला तर तासाला सुमारे दीड युनिट वीज घेतो. रात्रीचे ८ तास, उन्हाळ्याचे ९० दिवस, म्हणजे १,०८० युनिट. युनिटचा दर ६ रुपये धरला तर ६,४८० रुपये. यंत्राची किंमत वेगळीच. उलट, पांढऱ्या छपरामुळे खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते, असे ही योजना राबविणारे सांगतात. आणि एसी एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता विभागच सांगतो. हे पांढरे छप्पर करावयास लागते काय? गच्ची झाडून, भेगा बुजवून, रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा डिंक मिसळायचा आणि त्याचे दोन हात द्यायचे. एकदोन पोती चुना आणि दोन माणसांची दिवसभराची मजुरी, इतकाच हा व्यवहार! अहमदाबादेने २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे अशी पांढरी करावयास आरंभ केला, आणि तेलंगण सरकारने २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. हैदराबादच्या आमच्या वाचकांनी तरी ही गोष्ट नवलाची मानू नये.

पहिल्याच पावसात चुना धुऊन जाईल, असे कोणी म्हणेल. जाईल खरा. पण मार्च ते मे हे त्याचे कामाचे महिने. गोव्यात पाऊस येतो तेव्हा त्याने आपली मजुरी फेडलेली असते. ग्वाल्हेरीस थंडी कडक असते, तेथे ऊन परतवून कसे चालेल, अशीही शंका निघेल. तेथेही पाऊस चुना पुष्कळसा धुऊन नेतोच, आणि हिवाळ्यात दुपारचे ऊन तिरपे असल्यामुळे छपरास ते उन्हाळ्याइतके लाभतही नाही.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक गंभीर आहे. छप्पर मालकाचे आणि वीजबिल भाडेकरूचे, अशी घरे आपल्या शहरांत उदंड आहेत. चुन्याचा खर्च करील मालक, बचत होईल भाडेकरूची. तेव्हा मालक हात हलवीत नाही. भाडेकरू परक्या गच्चीवर पैसा घालीत नाही. परिणामी छपराला लागावयाचा चुना दरमहा भाडेकरूला लागतो! सरकारी साहाय्यही छपराच्या धन्यालाच शोधत येते. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सौर पॅनेलांसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. पण ज्याच्या मालकीचे छप्परच नाही त्याने ते घ्यावे कोठे?

कायदाही येथे अर्धवटच जागा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ असे सांगते की, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. तरतूद उत्तम आहे; पण तापलेली स्लॅब ही 'दुरुस्ती'त मोडते काय? २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने भिंतींची सफेदी मालकाच्या माथी घातली. छपराच्या सफेदीचे नाव नाही. आमच्या व्यवसायात गळक्या छपरासाठी नोटीस देणारे भाडेकरू आम्ही पुष्कळ पाहिले. तापणाऱ्या छपरासाठी देणारा एकही पाहिला नाही. पाणी ठिबकले तर तक्रार, आणि आग ठिबकली तर प्रारब्ध, हा कोणता न्याय?

मालकांस आम्ही परोपकार करावयास सांगत नाही. ऊन-गारव्याने स्लॅब फुगते-आक्रसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतूनच पुढे गळती होते. पांढरी स्लॅब कमी तापते म्हणून कमी फाटते. चुना हा मालकाच्या मिळकतीचाही विमा आहे.

अकरा महिन्यांच्या करारात पंखे, नळ, खिळेसुद्धा मोजले जातात. त्यात एक कलम वाढवावे, एवढीच आमची मागणी आहे: "दरवर्षी शिमग्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मालकाने गच्चीस चुन्याचे दोन हात द्यावेत, न दिल्यास भाडेकरूने ते द्यावेत व खर्च भाड्यातून वजा करावा." गृहनिर्माण संस्थांनीही हाच नियम करावा, कारण गच्ची सर्वांची असली तरी तिचा ताप एकट्या वरच्या मजल्याला सोसावा लागतो. पंखे, एसी आणि पॅनेल यांचा विचार त्यानंतर खुशाल करावा. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला त्या छपराविषयी काही हक्क असावा, हे मान्य न करता पृथ्वी वाचविण्याच्या गप्पा मारणे हा शुद्ध दंभ आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे.