त्वचेचे चट्टे आणि पोटाचा घेर

गेल्या महिन्यात एक गृहस्थ पत्नीसह तपासणीसाठी आले होते. वय ४१, काम बैठे, वजन ८८ किलो. कोपरे, गुडघे, कंबर आणि डोके या ठिकाणी सोरायसिसचे लालसर चट्टे, त्यांवर चंदेरी खपल्या. आजार अकरा वर्षांचा. बाईंनी सोबत एक वही आणली होती. कोणते मलम कधी सुरू केले, कधी थांबवले, वांगे, दही आणि आंबवलेले पदार्थ केव्हापासून वर्ज्य केले, हे सारे तारखांनिशी लिहिलेले. इतकी काटेकोर नोंद डॉक्टरांच्या फायलींतही क्वचितच आढळते. मी विचारले, “यांची रक्तातील साखर शेवटची कधी तपासली?” वहीत ते पान नव्हते. “पण डॉक्टर, त्रास तर कातडीचा आहे ना?” गृहस्थ म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर भरला आणि रक्तदाब १४८/९४. पुढे उपाशीपोटीची साखर १३१ आली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही मधुमेहाच्याच बाजूची निघाली.

सोरायसिस दिसतो त्वचेवर. पण त्याचे मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडात असते. तो संसर्गजन्य नाही, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो, कारण टॉवेल वेगळा ठेवणारी घरे अजून आहेत. निरोगी त्वचेचा बाह्य थर सुमारे चार आठवड्यांत नवा होतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम काही दिवसांत उरकले जाते आणि अपक्व पेशींचे थर साचून खपल्या बनतात. ही घाई करायला लावणारी दाहक रसायने, उदाहरणार्थ टीएनएफ-अल्फा, चट्ट्यापुरती थांबत नाहीत. ती रक्तात उतरतात, स्नायू व यकृत यांच्यावरील इन्सुलिनचा प्रभाव मंदावतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा पोहोचवतात. गंमत अशी, की पोटात साठलेली चरबीही निमूट पडून राहणारी नसते. तीही याच जातीची रसायने स्रवते. म्हणजे स्थूलतेमुळे सोरायसिस भडकतो आणि सोरायसिसमुळे साखरेचे गणित बिघडते. दोन्ही बाजूंनी इंधन पडत राहते.

यात भर घालतो तो संकोच. आमच्या या गृहस्थांनी पोहणे सोडले होते आणि सकाळी फिरायला जाणेही, कारण अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालावा लागतो. खाजेमुळे झोप तुटत होती. अशा माणसाला “व्यायाम करा” असे चिठ्ठीवर लिहून देणे फार सोपे आहे! मी त्यांना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालून अंधार पडल्यावर चालायला सांगितले. ते त्यांना जमेल असे वाटले.

धोका कितपत आहे? ब्रिटनमधील कुटुंब-डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेला, १ लाख ३० हजारांहून अधिक सोरायसिस-रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही तिशीतील तीव्र सोरायसिसच्या रुग्णात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट आढळला; साठीत मात्र ही तफावत बरीच कमी होती. तिशीत मुळातला धोका अत्यल्प असतो, त्यामुळे तिप्पट या शब्दाने घाबरून जाऊ नये. पण “वय काय आहे माझे?” म्हणून तपासणी टाळण्याचा आधार त्यातून निश्चित जातो.

घरात करण्यासारखी पहिली गोष्ट मोजपट्टीची आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर पट्टी लावावी. पोट आत ओढू नये. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने कराव्यात. यकृताकडे विशेष लक्ष हवे. या रुग्णांत यकृतात मेद साठण्याचे प्रमाण अधिक असते, आणि सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण आणू शकते. हे औषध घेणाऱ्याने मद्याचा विचार सोडावा. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.

आणखी एक. ‘आठ दिवसांत गुण’ देणाऱ्या बेनामी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चट्टे पुसले जातात, साखर चढते, आणि पुडी एकाएकी बंद केली की आजार सर्वांगावर उसळू शकतो. चालू स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता तोडूही नये.

वजन उतरवल्याने सोरायसिस समूळ जात नाही. मात्र स्थूल रुग्णांत पाच ते दहा टक्के वजन घटल्यास चट्टे कमी होतात आणि औषधे अधिक लागू पडतात, असा अनुभव आहे. या गृहस्थांच्या बाबतीत म्हणजे साडेचार ते नऊ किलो. वांगे पुन्हा ताटात आले तरी चालेल, असे मी बाईंना सांगितले. रात्रीचा भात, फरसाण आणि चहातली साखर यांची मात्र चौकशी केली.

निघताना बाई थबकल्या. “मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला होईल का हो?” आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही, हे मी सांगितले. मग विचारले, “त्याचे वजन किती आहे?” त्यांनी वही उघडली, मागचे कोरे पान काढले आणि वर मुलाचे नाव लिहिले.