सातपुड्यातल्या रुग्णाला अडाणी म्हणणे सोडा

नंदुरबार जिल्ह्याच्या आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : सरकारने सोयी दिल्या आहेत, पण हे लोक दवाखान्यात येतच नाहीत, आधी भगत-बडव्याकडे जातात, जनजागृती झाल्याशिवाय इथे काही सुधारायचे नाही. शहरातल्या बैठकीत हे वाक्य बोलले जाते, तसेच वॉर्डातही बोलले जाते. परिचर्येचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी म्हणून मला त्याचा प्रतिवाद करावासा वाटतो, कारण ज्या सिस्टरने हे वाक्य मनाशी धरले तिच्या हातून रुग्णाची नीट विचारपूस होणे कठीण असते. दोष कोणाचा हे तिने आधीच ठरवलेले असते.

आधी हा दावा जिल्ह्याच्या नकाशावर ताडून पाहू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोक राहतात आणि त्यांतले जवळजवळ 70 टक्के आदिवासी आहेत. त्यांतही अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके सातपुड्याच्या रांगांत विखुरलेले आहेत. तिथले एक गाव म्हणजे चार-सहा पाडे, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जायचे तर मध्ये नाला किंवा टेकडी आडवी येते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली ती याच दोन तालुक्यांतली. नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना आजही होडीचाच आधार आहे आणि त्यांच्यासाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. पावसाळ्यात दरड कोसळली की या डोंगरांतला चांदसैली घाटरस्ता बंद पडतो. अशा मुलखात बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, खांदे बदलत, गाडीरस्त्यापर्यंत आणले जाते. अशा बातम्या आल्या की वर्तमानपत्रे हळहळतात. मला मात्र त्या झोळीत एक पुरावा दिसतो. ज्यांचा दवाखान्यावर विश्वासच नाही, ते रात्रीच्या पावसात रुग्ण खांद्यावर घेऊन डोंगर का उतरतील? ती झोळी उचलणाऱ्यांना दवाखान्याचे महत्त्व आणखी कोणी पटवून द्यायचे?

यावर उत्तर येते की, ठीक आहे, पण आलेले रुग्णही उपचार अर्धवट टाकून निघून जातात, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच तो गांभीर्याने तपासायला हवा. तीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस ठेवावे लागते. बाळासोबत आई राहते. घरी तिची आणखी दोन-तीन मुले असतात, शेळ्या-कोंबड्या असतात, आणि दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसे ऊसतोडीला गुजरातकडे निघालेली असतात. बुडीत मजुरीची तरतूद कागदावर आहे, पण मागे राहिलेल्या लेकरांना भाकरी करून घालणारे माणूस कोणत्याही योजनेत मिळत नाही. त्यात भाषेची अडचण. आई भिली किंवा पावरी बोलते, नवापूरकडची असेल तर मावची. डॉक्टर प्रमाण मराठीत सांगतात, कधी हिंदीत. बाळाला नळी कशासाठी घातली, सलाईन किती दिवस चालेल, रक्त कशासाठी काढले, हे तिला तिच्या बोलीत कोणीच सांगत नाही. मग एका पहाटे खाट रिकामी दिसते आणि केसपेपरवर ‘न सांगता निघून गेले’ असा शेरा पडतो. त्या बाईला तरी कुठे कोणी काही सांगितले होते?

म्हणून माझे म्हणणे असे की, आरोग्यसेवेची पोहोच दवाखान्याच्या दारापाशी मोजू नये. रुग्णाला त्याच्या बोलीत विचारणारे, त्याचे ऐकून घेणारे आणि घरी गेल्यावरही त्याच्याकडे जाणारे माणूस आहे का, यावर ती मोजावी. याला आधार महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. 39 गावांतल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. तिथल्या आदिवासी आणि गरीब आयांचे अज्ञान तीन वर्षांत नाहीसे झाले असे काही नव्हते. बदलले होते ते एवढेच की, ओळखीची, प्रशिक्षित बाई वेळेवर दारात येत होती. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या जन्मानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या अशा ठरलेल्या दिवशी घरी जातात, त्या रीतीमागे हाच अनुभव आहे.

सिकलसेलचे उदाहरण याहून जवळचे आहे. भिल्ल-पावरा समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीवर मोठा भर आहे, तो योग्यच आहे. पण तपासणी एका दिवसात उरकते आणि आजार जन्मभर सोबत राहतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घ्यावे लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते, पाणी भरपूर प्यावे लागते, थंडीपासून जपावे लागते. वेदनेचा झटका आलेला मुलगा बाहेरून धडधाकट दिसतो. अंगावर जखम नाही, सूज नाही, आणि तो मात्र कळवळत असतो. त्या वेळी ‘नाटक करतोय’ म्हणणारी परिचारिका आणि त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवून डॉक्टरांना हाक मारणारी परिचारिका, यांतल्या फरकावर त्या मुलाचे दवाखान्याशी पुढचे नाते ठरते.

भगताकडे लोक जातात, हे मी नाकारत नाही. त्यात वेळ जातो आणि कधी जीवही जातो. पण बडवा पाड्यावर असतो, रात्री-अपरात्री भेटतो, रुग्णाशेजारी बसतो आणि त्याच्याच भाषेत बोलतो. उपकेंद्राला कुलूप असेल तर माणूस आणखी कोणाकडे जाणार? रस्ते आणि इमारतींचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. 2020 मध्ये नंदुरबारला 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष पाळला, तरी एका आरोग्य सेविकेने इतके पाडे पायी कसे गाठायचे, याचे उत्तर महाविद्यालयाच्या इमारतीत सापडत नाही.

ते उत्तर त्याच पाड्यांतल्या, तीच बोली बोलणाऱ्या मुलींना परिचारिका करण्यात आहे. त्यावर उरतो दर्जाचा आक्षेप : स्थानिक मुलींसाठी वेगळ्या जागा ठेवल्या तर परिचर्येचा दर्जा घसरेल. दर्जा राखायला परीक्षा आणि परिचर्या परिषदेची नोंदणी आहे; ती कोणालाही माफ करू नये. पण ज्या सेवेत रुग्णाचे म्हणणे समजतच नाही, ती दर्जेदार कशी म्हणायची? दुखते कुठे हे कळले नाही, तर उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली सिस्टरही चुकीचीच नोंद करणार.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या मुलींसाठी एएनएम आणि जीएनएम या परिचर्या अभ्यासक्रमांच्या जागा राखून ठेवा, शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा आणि त्यांना त्याच तालुक्यांत कायम नेमणूक द्यावी. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोणी तिथल्या मोलगी-धडगावला संसार मांडत नाही. उपकेंद्राशेजारी राहण्याजोगे घर बांधा. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला व डॉक्टरला रुजू होण्याआधी भिली-पावरीतले रोजचे प्रश्न शिकवा. हे होईपर्यंत जनजागृतीची शिबिरे पाड्यांवर भरवण्याआधी जिल्हा परिषदेच्या आणि मंत्रालयाच्या सभागृहांत भरवावीत.