आधी भिंत दाखवा, मग गाडी सांगतो

ऑफिसात एखाद्याला गाड्यांतलं थोडंफार कळतं अशी ख्याती झाली की त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपची चौकशी-खिडकी होते. माझी झालीय. "दहा लाखांत कोणती ईव्ही घेऊ?" "घरचे म्हणतात एसयूव्हीच पाहिजे, वीसपर्यंत जाऊ शकतो, काय बघू?" "टेस्ला स्वस्त होईपर्यंत थांबू का?" सोबत बहुतेक वेळा एखाद्या व्हिडिओची लिंक असते. त्यात एक उत्साही माणूस दहा लाखांखाली, वीस लाखांखाली आणि 'बजेट नो बार' अशा तीन कप्प्यांत गाड्या मांडून प्रत्येकीचा बूट उघडून दाखवत असतो.

मी हल्ली उलटा एकच प्रश्न विचारतो. तुझी गाडी रात्री जिथे उभी राहणार, तिथल्या भिंतीवर तुझ्या मीटरचा प्लग आहे का?

यावर बहुतेक जण गप्प होतात. मग उत्तर येतं ते असं: "सोसायटीला विचारावं लागेल." किंवा, "आमचं पार्किंग ओपन आहे, जो आधी येईल त्याचं." किंवा, "मी रेंटवर आहे रे." मी स्वतःही रेंटवर आहे. गाड्यांतलं सगळं कळूनही माझ्याकडे ईव्ही नाही, त्याचं कारण हेच.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शहरांत इलेक्ट्रिक कार बजेटवर निवडली जात नाही, ती पार्किंगवर निवडली जाते. ज्याच्याकडे हक्काची जागा आणि तिथे वीज आहे, त्याला आठ लाखांची गाडीही पुरते. ज्याच्याकडे ती नाही, त्याने साठ लाख घातले तरी तो चार्जिंगच्या रांगेतच उभा. बजेटवार याद्या करणारे हे बोलत नाहीत. बोलले तर निम्मे प्रेक्षक पहिल्याच मिनिटाला उठून जातील.

आधी या प्लगबद्दल थोडं, कारण त्याचा उगाच बाऊ झालाय. घरी चार्ज करायला पेट्रोल पंपासारखं काहीतरी उभं करावं लागतं अशी समजूत आहे. तसं काही नाही. गीझरला लागतो तसला मोठा तीन पिनांचा सॉकेट, जाड वायर, व्यवस्थित अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर, एवढं पुरतं. त्यातून साधारण ३.३ किलोवॅटने वीज जाते, म्हणजे एक गीझर आणि एक एसी एकत्र चालवल्याइतका भार. रात्री आठ तास लावून ठेवली तर पंचवीसेक युनिट गाडीत जातात. छोटी गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर चालते असं धरा (बॅटरीच्या जाहिरातीतला 'किलोवॅट-अवर' म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिटच, वेगळं काही नाही). म्हणजे झोपेत दीडशेच्या वर किलोमीटर. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन परत यायला चाळीसेक लागतात.

म्हणजे रोजच्या गरजेच्या चौपट वीज एका गीझरच्या सॉकेटातून रात्रीत मिळते. आता कप्पे उघडू.

खालच्या कप्प्यात एमजी कॉमेट आहे. लांबी तीन मीटरच्या आत, बॅटरी १७.३ युनिटांची, कंपनीचा दावा २३० किलोमीटरचा. तिला लोक खेळणं म्हणून हसतात. माझ्या मते बाजारातली ती सर्वांत प्रामाणिक गाडी आहे. मी शहरासाठी आहे, मला मुंबई-गोवा विचारू नका, असं ती तोंडावर सांगते. तिच्या शेजारी टाटा टियागो ईव्ही. २०२२मध्ये ८.४९ लाखांपासून सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट आपल्यासारख्यांच्याही आवाक्यात येईल. चार दारं, जेमतेम बूट, मोठी बॅटरी २४ युनिटांची. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, पार्किंगला प्लग: या घराला यापेक्षा जास्त गाडी लागतच नाही. लागत नाही, पण हवी असते, हा भाग वेगळा.

मधला कप्पा खरा गर्दीचा. टाटाच्या पंच आणि नेक्सॉन, एमजी विंडसर. विंडसर २०२४च्या सप्टेंबरात आली ती एका नव्या हिशोबासकट: गाडी ९.९९ लाखांना घ्या आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये द्या. जाहिरातीत 'दहा लाखांच्या आत' झळकलं आणि याद्यांमध्ये ती खालच्या कप्प्यात जाऊन बसली. महिन्याला हजार किलोमीटर चालवा, साडेतीन हजार झाले, वीज वेगळी. हे कर्जाच्या हप्त्याचंच दुसरं नाव आहे. योजना वाईट आहे असं नाही. महिन्याला फार न फिरणाऱ्याला ती परवडूही शकते. पण किंमत कमी झाली असं ज्यांना वाटलं त्यांनी कॅल्क्युलेटर काढावा. गाडी मात्र आतून झकास. मागची सीट १३५ अंशांत कलते, दिवाणखान्यातला सोफाच. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून राहायचंच आहे तर सोफ्यावर बसा, हा विचार मला पटतो.

वरच्या कप्प्यात महिंद्राची बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. अंतराळयानासारखी रूपं, पहिलीची सुरुवात १८.९० लाखांपासून आणि दुसरीची २१.९० लाखांपासून, बॅटऱ्या ५९ आणि ७९ युनिटांच्या. आणि त्याही वर जुलै २०२५मध्ये बीकेसीत शोरूम उघडलेली टेस्ला, मॉडेल वाय, ५९.८९ लाखांपासून.

स्टाइलच्या नावाखाली जे चाललंय ते इथे बोलायलाच हवं. ७९ युनिटांची बॅटरी म्हणजे काही शे किलो वजन. वर्षातून दोनदा कोकणात जाताना मध्ये थांबायला नको, म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस ते ओझं कर्वे रोडवर फिरवायचं. टेम्पोभर सामान गावी न्यायचंय म्हणून रोज ऑफिसला टेम्पोनेच जाणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? पण इथे त्याला 'रेंजची चिंता नको' असं गोंडस नाव मिळतं. रेंजचा आकडा तरी नीट वाचावा. जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीचा असतो. गाडी रोलरवर, एसी बंद, वेगाची कमाल मर्यादा ताशी ९०. त्या आकड्याखाली बहुधा 'एआरएआय' असं छापलेलं असतं. ती संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण तिथल्या रोलरला बोरघाट नाही आणि मे महिन्यातली दुपारही नाही. छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरा आणि निवांत राहा. घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उतरताना मोटरच जनरेटर होऊन थोडे परत देते. हे एकदा अनुभवलं की घाम फुटायचा थांबतो.

आता प्लग नसलेल्यांकडे येऊ. मुंबई-पुण्यात आम्हीच जास्त आहोत. आम्हाला सांगितलं जातं, पब्लिक चार्जिंग वापरा. वापरून बघा. फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास किंवा वर दर लागतो, त्यात १८ टक्के जीएसटी. किलोमीटरला तीन रुपयांच्या पुढे गेलात. सीएनजीवाला किलोमीटरला चार रुपयांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे बचत उरली नावापुरती, आणि सीएनजीच्या रांगेतून सुटायला गाडी बदलली तर दुसऱ्या रांगेत आलात, जिथे प्रत्येक जण पाच मिनिटं नाही, पाऊण तास घेतो. मॉलच्या तळघरात गाडी चार्ज होईस्तोवर फूड कोर्टात तीनशे रुपयांचा डोसा खायचा, तो खर्च कुठल्याच तुलनेत धरलेला नसतो.

घरी प्लग मिळवावा म्हटलं तर कागदावर सगळं आपल्याच बाजूने आहे. ऊर्जा मंत्रालयाने २०१८पासून वेळोवेळी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चार्जिंगला मुभा आहे, आणि वीज कंपन्यांनी त्यासाठी मदत करायची आहे. २०१९मध्ये इमारतींच्या आदर्श नियमावलीत पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय ठेवा असं आलं. पण ते नव्या इमारतींसाठी. आपण राहतो त्या इमारती १९९८च्या, २००६च्या. आणि पार्किंगचं तर विचारूच नका. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं की स्टिल्ट आणि मोकळं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तरी 'माझं पार्किंग, मी विकत घेतलंय' हे वाक्य प्रत्येक सोसायटीत रोज ऐकू येतं. मालकी कुणाची हेच जिथे धूसर, तिथे भिंतीला भोक पाडायची परवानगी कोण देणार? एकावर एक गाडी चढवणारं स्टॅक पार्किंग असेल तर वरच्या गाडीला वायर कुठून न्यायची, हा आणखी एक प्रश्न.

मी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीला अर्ज दिला. घरमालक बेंगळुरूला असतात, त्यांनी संमती मेलवर दिली. इलेक्ट्रिशियनचा आराखडा जोडला: माझ्याच मीटरवरून वायर, खर्च माझा, सोडून जाताना सॉकेट तिथेच राहील. कमिटीत एका काकांनी विचारलं, "आग लागली तर?" प्रश्न चुकीचा नाही. आगीची भीती खोटी नाही. पण त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डवर एक पोरगा रोज स्कूटर चार्ज करतो. पावसात बोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी घालतो. काकांना तो दिसत नाही, कारण त्याने परवानगी मागितलेली नाही. आग लागायची तर ती परवानगी नाकारून काढलेल्या अशा वाटांतूनच लागेल. मला उत्तर मिळालं, "भाडेकरूंना असं देता येणार नाही, उद्या सगळेच मागतील."

सगळेच मागतील. अहो, सगळ्यांनी मागावं म्हणून तर सरकार जाहिराती करतंय!

आणि सरकारचं औदार्य कुणाकडे वाहतंय तेही बघू. सगळ्या ईव्हींवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली आणि मोठी ४० टक्क्यांवर गेली. म्हणजे टियागो घेणाऱ्याला पेट्रोलच्या तुलनेत १३ टक्क्यांची सूट आणि साठ लाखांची गाडी घेणाऱ्याला ३५ टक्क्यांची. राज्याने मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के कर सुचवला होता. महिना उलटायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफीचं धोरण आहे. छान. अटल सेतूवरून रोज कोण जातं, आणि त्याच्याकडे घरी पार्किंग असतं की नसतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

साठ लाखांवर ६ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. जुन्या सोसायटीत एका पार्किंगला वायर, सबमीटर आणि सुरक्षित सॉकेट यांचा खर्च पंचवीस हजार धरा, वाद नको म्हणून वरचाच आकडा घेतलाय. एका गाडीच्या माफ केलेल्या करातून चौदा भिंतींवर प्लग लागले असते. चौदा टियागो.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो: सुरुवात वरूनच होते, श्रीमंत आधी घेतात, मग किमती उतरतात आणि सगळ्यांना मिळतं. मोबाइलचं तसं झालं, मान्य. पण मोबाइल चार्ज करायला सेक्रेटरीची सही लागत नव्हती. बॅटऱ्या स्वस्त होतीलच, होतही आहेत, भिंत मात्र आपोआप स्वस्त होत नाही. सेकंडहँडचं म्हणाल तर तिथेही मेख आहे. आता कंपन्या बॅटरीला 'आयुष्यभर' वॉरंटी देतात, पण ते आयुष्य बहुधा पहिल्या मालकाचं. गाडी विकली की विंडसरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर येते. वरच्याने वापरून खाली सोडलेली गाडी खालच्याने घ्यावी, तर तिच्यासोबतचं वचनही आखडलेलं.

म्हणून आता विचारणाऱ्यांना मी तीन ओळींत उत्तर पाठवतो. प्लग असेल तर स्वतःच्या रोजच्या किलोमीटरची तिप्पट खरी रेंज देणारी सर्वांत छोटी गाडी घे, उरलेल्या पैशांत वर्षातून दोनदा कोकणात जायला ड्रायव्हरसकट इनोव्हा कर. वेगळा ईव्ही मीटर मागून बघ, कारण महिन्याला सव्वाशे युनिटं घरच्या बिलात पडली की तू थेट वरच्या स्लॅबमध्ये जातोस. प्लग नसेल तर कुठलीच घेऊ नकोस, आधी अर्ज दे, लेखी दे, पोच घे.

नाराज होतात लोक. त्यांना गाडीचं नाव हवं असतं.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. आमच्या सभेच्या नोटिशीत यंदा चार्जिंगचा विषय यावा म्हणून आम्ही पाच जणांनी सही केलेलं पत्र दिलं. तीन मालक, दोन भाडेकरू. पाचांत एक तो एक्स्टेन्शन बोर्डवाला पोरगा आहे. नोटीस काल लिफ्टजवळ लागली. टाकीची गळती, रंगकाम, ऑडिटरची नेमणूक, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब असे सात विषय आहेत, चार्जिंगचा नाही. सेक्रेटरी म्हणाले, आठवा विषय वाचा ना. आठवा विषय: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.