एका टीव्हीखाली दोन खोकी

सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांचं ‘कन्सोल युद्ध’ चालू आहे असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. तीन सैन्यं, आणि घरोघरची पोरं म्हणजे जिंकायचा मुलूख! मला काही हे पटत नाही. माझ्या मते युद्ध दोघांचंच आहे. तिसऱ्याने आपलं दुकान पलीकडच्या आळीत थाटलं आहे.

२००६ सालचीच गोष्ट घ्या. त्या नोव्हेंबरात अमेरिकेत सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं, किंमत ५०० आणि ६०० डॉलर. त्याच महिन्यात निन्टेन्डोचं वी आलं, अडीचशे डॉलरला. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच दुकानात लागलं होतं. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट भांडत होते ते कोणाचं चित्र जास्त रेखीव आणि कोणाचं यंत्र जास्त दमदार यावर. वी या दोन्ही बाबतींत मागे. पण त्याचा रिमोट हातात धरून रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावर टोला बसायचा! ज्यांनी जन्मात कधी गेम खेळला नव्हता ते आजी-आजोबा बोलिंग खेळू लागले, अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतून स्पर्धा भरू लागल्या. वी दहा कोटींवर खपलं.

मग त्याने सोनीचं गिऱ्हाईक पळवलं का? प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या वर गेलं होतं आणि प्लेस्टेशन ३ नऊ कोटींच्या आतच थांबलं, हे खरं. पण त्याच काळात एक्सबॉक्स अडीच कोटींच्या आतून आठ कोटींच्या पुढे गेलं, हेही बघायला हवं. थोडी माणसं वीकडे गेली असतील, नाही म्हणत नाही. मोठी गळती मात्र शेजारच्याच दुकानात झालेली दिसते. मायक्रोसॉफ्टचे पीटर मूर २००६ साली म्हणाले होते की एका प्लेस्टेशन ३ च्या पैशात लोक एक्सबॉक्स आणि वी दोन्ही घेतील. ज्याला आपण खरा प्रतिस्पर्धी मानतो त्याची अशी भलामण कोणी करेल का?

आपल्याकडे दिवाळी अंकांचं असंच असतं. ‘मौज’ घेणारा ‘आवाज’ही घेतो. एक निवांत वाचायला आणि एक खिडक्या उघडून हसायला. दोन्ही एकाच घरात येतात म्हणून ते एकमेकांचे वैरी होत नाहीत.

न्यू जर्सीला आमच्या लेकीकडे टीव्हीखाली प्लेस्टेशन ५ आहे आणि स्विचही आहे. स्विच धाकटीचा, तो घरात पाहुणे आले की चौघांत मिळून खेळायचा. प्लेस्टेशन थोरल्याचं, कारण त्याच्या सगळ्या मित्रांकडे तेच आहे. त्यातून उद्या त्याने एक्सबॉक्सही मागितलं तर जावईबापू काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही!

हा प्रश्न २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टातही गेला. मायक्रोसॉफ्टला जवळजवळ ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घ्यायची होती. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन म्हणालं, खरा बाजार एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन एवढाच. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, स्विचही धरा. धरला की मायक्रोसॉफ्ट तिसऱ्या नंबरचं बापडं ठरतं ना! (आमच्याकडेही नंबर तुकडीत लावायचा की अख्ख्या इयत्तेत, यावर पालक असेच हुज्जत घालत.) न्यायाधीश जॅकलीन स्कॉट कॉर्ली यांनी सौदा रोखायला नकार दिला आणि त्या ऑक्टोबरात तो पुरा झाला. सौद्याचं काहीही असो, बाजाराची सीमा कुठे आखायची याबाबत मला कमिशनचंच म्हणणं बरोबर वाटतं.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला या वयात या उठाठेवी कशाला? पण मंडळी, यात घरातला पैसा अडकलेला असतो. कन्सोल एकदा घेतलं की पुढची सहा-सात वर्षं गिऱ्हाईक बांधलं गेलं. त्याच्यासाठी घेतलेले गेम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाहीत, मित्रही तिथेच. म्हणजे स्पर्धा काय ती दुकानाच्या काउंटरवर, त्या एका संध्याकाळी. त्यातही २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट आपले गेम एकेक करून प्लेस्टेशनवर देऊ लागलं आहे. २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ तिथे आला. दोघांतला एक असा हळूहळू माघार घेत गेला तर सोनीला आवर कोण घालणार?

जुनं होईल तसं कन्सोल स्वस्त होतं, ही आजवरची रीत. पण २०२० साली पाचशे डॉलरला आलेलं प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पन्नास डॉलरने महागलं. एक्सबॉक्सनेही त्या वर्षी भाव वाढवले, तेव्हा सगळा दोष एकट्या सोनीच्या माथी मारता येत नाही. पण पुढच्या खेपेला थोरल्याला स्पायडरमॅनच हवा असणार, आणि त्याच्या आईने दुकानात स्विचकडे बोट दाखवून भाव कमी करायला सांगितलं तर दुकानदार नुसता हसेल.