विशेषनामांचे लेखन आणि आपले शुद्धलेखन

मुलांच्या नावांचे चमत्कारिक लेखन हा मराठी विभागांतील चहाच्या वेळचा हमखास विषय झाला आहे. ‘श्रेयस’चा ‘श्रेयश’ झाला, ‘श्रुती’ला ऋकार चिकटून ती ‘श्रृती’ झाली, इंद्रियांचा स्वामी असलेला ‘हृषीकेश’ हा ‘ऋषिकेश’ होऊन ऋषींच्या केसांत अडकला, अशी उदाहरणे आपण मोठ्या चवीने सांगतो. उदाहरणे खरी आहेत. त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे पालकांना भाषेची चाड उरलेली नाही हा, प्रस्तुत लेखकाला मान्य होण्यासारखा नाही. निदान नायगाव, बिलोली, देगलूर या टापूत तरी तो टिकत नाही.

नांदेडहून देगलूरकडे जाताना नायगाव लागते. तेलंगणाची हद्द तेथून दूर नाही. बालाजी, व्यंकटी, हणमंत, सायलू, गंगाधर ही या भागातील नेहमीची नावे. त्यांतच ‘मारोती’ आहे. मूळ संस्कृत ‘मारुति’, प्रमाण मराठीत ‘मारुती’. परंतु इकडचा माणूस ‘मारोती’ म्हणतो आणि तसेच लिहितो. हा अपभ्रंश आहे म्हणून एखाद्या गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी तो ‘सुधारला’, तर त्यांनी भाषा शुद्ध केली असे आपण म्हणणार काय? त्यांनी केले ते इतकेच, की घरात ज्या नावाने हाक मारली जाते ते नाव कागदावर येऊ दिले नाही.

या प्रदेशात नाव कागदावर कसे उतरावे हे नाव असणाऱ्याच्या हाती फारसे नव्हतेच, ही गोष्ट येथे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठीतील ण आणि न, ळ आणि ल यांचा भेद त्या लिपीत उमटत नाही. ‘वाव’ हे एकच अक्षर ऊ, ओ, औ आणि व यांचे काम करते. त्यामुळे मारोती आणि मारुती तेथे एकाच रूपात दिसू शकतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. म्हणजे आजोबांचे नाव उर्दूत किंवा मोडीत, वडिलांचे गुरुजींच्या बाळबोधीत आणि नातवाचे रोमन लिपीत, असा एकाच घराचा लेखनप्रवास आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे तपासावयास घेतली, तेव्हा जुन्या नोंदीतील एकेका अक्षराचे मोल अनेक कुटुंबांना नव्याने कळले.

आता नियमांविषयी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ च्या शासनमान्य नियमांप्रमाणे व्यक्तिनामेही दीर्घान्त लिहावयाची आहेत. नियमाने ‘हरी’ आणि ‘रवी’ ही रूपे बरोबर. तरीही पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ‘हरि’ आणि ‘रवि’ कटाक्षाने ऱ्हस्व ठेवले जातात आणि त्याला कोणी हसत नाही. ‘सुनिल’ आणि ‘प्रविण’ यांना मात्र आपण हसतो. नियमभंग दोन्हीकडे आहे. एकाला संस्कृतचा वास आहे, दुसऱ्याला नाही. आपले शुद्धलेखन कोणाच्या दारी कठोर होते, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

‘सिध्दार्थ’ हे दुसरे उदाहरण. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, संघमित्रा ही नावे मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत आली. ती केवळ नावे नव्हती; लादलेली जुनी नावे टाकून स्वतः निवडलेली नावे होती. त्यांतील ‘द्ध’ पुष्कळ ठिकाणी ‘ध्द’ असा लिहिला गेला, यात नवल नाही. हा डोळ्यांचा चकवा आहे आणि तो ‘शुध्दलेखन’ असे छापणाऱ्यांनाही टाळता आलेला नाही. नावाची किंमत या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. त्यांचे नाव छापील मजकुरात कोठे ‘पोचीराम’, कोठे ‘पोचिराम’ असे आढळते. या नावामागे पोचम्मा ही ग्रामदेवता असावी, असे मला वाटते. शब्दकोश येथे काही सांगू शकत नाही. निर्णय घरच्यांच्या उच्चारावरूनच व्हावयास हवा.

पाठचिकित्सेत आपण असे वागत नाही, हे विशेष. लीळाचरित्रकर्त्याचे नाव म्हाइंभट, म्हाइंभट्ट, माहीमभट अशा रूपांनी येते. आपण ती सारी आदराने नोंदवितो. ज्ञानदेव, ज्ञानोबा, ग्यानबा यांत आपल्याला लोकमानसाचे दर्शन घडते. तोच ‘ग्यानबा’ प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर आला की तांबडी शाई निघते.

मग पालकांचे सारेच योग्य का? तसे नाही. नाव रोमन लिपीत ठरवून मग ते देवनागरीत ओतावयाचे, ही नवी रीत मला घातक वाटते. अंकज्योतिष्याच्या सल्ल्याने एखादा ‘ए’ वाढवावयाचा, एखादा ‘एच’ गाळावयाचा. देवनागरी रूपाचा विचार शेवटी, उरलाच तर. यंत्रेही उलटीच चालतात. मराठी उच्चाराला धरून ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमनमध्ये डी, एन, वाय असे सुरू होते. त्यावरून यंत्राने परत देवनागरी करावे, तर कार्डावर ‘द्न्यानेश्वर’ अवतरतात. सातशे वर्षे अंगवळणी पडलेले अक्षर असे एका फेरीत हरवते.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. जन्मदाखला, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, आधार, दहावीची सनद, जातीचा दाखला, जात पडताळणी अशी ही साखळी आहे आणि तीत एका वेलांटीचा फरक अर्ज अडवू शकतो. शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करावयाची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. नाव बदलावयाचे तर राजपत्रात जाहिरात. ज्याची रोजी बुडते त्याला ही ‘किरकोळ चूक’ किरकोळ पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याचे वजन कायद्याने आणखी वाढले आहे. तेव्हा नोंद करतानाच नाव देवनागरीत लिहावे, ते आईबापांना मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांचा होकार घ्यावा आणि रोमन रूप त्यावरून एकदाच ठरवावे. कोशातील रूप कोणते हे लिहिणाऱ्याने जरूर सांगावे. सांगणे वेगळे आणि परस्पर बदलणे वेगळे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव शासकीय कागदपत्रांत येऊ लागले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण या टापूत ते नाव सायव्वा, पोशव्वा असे असू शकते. माहेरी एक आणि लग्नानंतर सासरी दुसरे, असेही. तिची सनद बहुधा नसतेच, म्हणजे आधार धरावयास जुना कागद नाही. कारकुनाने सायव्वाची ‘सावित्री’ केली तर ती शुद्ध दिसेल आणि खोटी असेल. आपल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य द्यावयाचेच आहे, तर नायगाव, बिलोली, देगलूर या तालुक्यांतील नावांची सूची त्यांच्याकडून करून घ्यावी: एका रकान्यात घरचा उच्चार, दुसऱ्यात कागदावरचे रूप. आरंभ आयांच्या नावांपासून करावा. त्यांची नावे कोणी विचारलेली नाहीत.