गावाने स्वतःला घातलेले नियम

पावसाळा सरला की हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, माणसांना नि गुराढोरांना किती पाणी लागेल, याचा हिशेब सर्वांसमोर होतो. मग उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, हे दंडकही गावाचेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या अवर्षणग्रस्त गावाला पोपटराव पवारांसारखं नेतृत्व लाभलं हे खरं. पण शेजाऱ्याची मोटर चालू असताना आपली बंद ठेवायला माणूस तयार होतो, तो नियम दोघांनाही सारखा आहे अशी खात्री पटल्यावरच, असं आम्हाला वाटतं.

यंदाच्या अंकाचा विषय हाच: सत्ता आणि नियम माणसाचं वागणं कसं घडवतात.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. मात्र गावाच्या एकजुटीचं कौतुक करताना तिची दहशतही विसरता येत नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

पाण्याची तंगी वाढते आहे, सोसायट्यांपासून ग्रामपंचायतींपर्यंत नवे नियम होत आहेत. ते कोण ठरवतं आणि कोणाला विचारून, याकडे या अंकातले लेख पाहतात.

तुमच्या गावात वा सोसायटीत कोणता नियम टिकला, कोणता कागदावरच राहिला? कारणांसह आम्हाला जरूर कळवा.