चटईचं माप

वाघबारशीला जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळी सुरू होते आणि ती संपता संपता माणसं ‘जगायला’ निघतात. हा शब्द तिकडचाच. भिवंडी, वसई, ठाणे, मुंबईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जायचं. घेतलेली उचल फेडायची. तोवर दाभोशाचा तीनशे फुटी धबधबा बारीक झालेला असतो आणि तो पाहायला आलेल्या पावसाळी गाड्या कधीच परतलेल्या असतात.

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर एफएसआय म्हणजे फराळाच्या ताटात सातबारा वाढल्यासारखं आहे, कबूल. पण घर हा यंदाचा विषय ठरला आणि घराचं माप टाळता येईना. मराठीत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. शब्द सरकारी, चटई घरची. निर्देशांक एक असेल तर हजार फुटांच्या भूखंडावर सगळे मजले मिळून हजार फूट. १९९१च्या नियमावलीत मुंबई शहराला १.३३ आणि उपनगरांना १ होता.

मग चटई ताणायच्या वाटा निघाल्या. झोपडीवाल्याला फुकट घर द्या, विकायला जादा क्षेत्र घ्या. जुनी चाळ पाडा, जादा घ्या. फ्लॉवरबेड मोजणीत धरत नसत, तर ते इतके ऐसपैस झाले की फुलं लावायची राहूनच गेली. २०१२मध्ये ते मोजणीत आले आणि बदल्यात घरांना ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र मिळालं. २०२१मध्ये जादा क्षेत्रासाठी विकासकाने भरायचा प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मा झाला. अट एवढीच की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरावं. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण राहिलेल्यांना उंच इमारतींविरुद्ध प्रवचन देण्याचा आमचा इरादा नाही.

आम्हाला अडतं ते टीडीआरपाशी. कल्पना चांगली आहे, म्हणूनच अडतं. रस्त्याला, मैदानाला जमीन दिली की मालकाला बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो विकताही येतो. १९९१च्या नियमांत हा हक्क शहरातून उपनगरांत, साधारण उत्तरेकडे न्यायचा असे. तो सरकत सरकत दहिसरला थांबला. पाणी मात्र उलटं, उत्तरेकडून खाली येतं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. त्यातून मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळतं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जिना मोजायचा की नाही, लिफ्ट मोजायची की नाही, यावर नियमावलीत पानंच्या पानं आहेत. वाढवलेल्या मजल्याचं पाणी कुठून येतं याला रकाना नाही. जमीन सोडणाऱ्याला हक्क, नदी सोडणाऱ्याला टँकर.

जादा क्षेत्राच्या प्रीमियममधला ठरावीक वाटा पाणलोटातल्या ग्रामसभांना थेट जावा, असं आमचं म्हणणं आहे. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा आहे. पैसे द्यायचे कोणाला, हा प्रश्न उरत नाही. पहिला खर्च पाड्यावरच्या नळाचा.

अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मोखाड्याच्या एसटी स्टँडवर बोचकी, कोंबड्या आणि पोरं घेऊन लोक उभे असतील. भट्टीवर पोचल्यावर ते आधी आपली खोप उभी करतील, विटा रचून, वर प्लास्टिक ओढून. पाऊस लागेपर्यंत मुक्काम तिथेच.